चाकावरचं हेल्मेट

मंगळवारी दुपारी पावणेतीन वाजता माझे पती कंडेन्सरच्या आत होते. ऑपरेटरनं पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला. ते मेले. व्हॉल्व्हच्या चाकावर त्यांनी हेल्मेट अडकवलं होतं. ते मी काढलं होतं.

एवढं लिहायला मला बराच काळ लागला. पुढचंही मी सावकाश लिहिणार आहे, कारण घाईनं लिहायला बसलं की मी माझी बाजू मांडायला लागते.

शेंद्र्याकडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं स्वतःचं वीजघर आहे. मी तिथं पाण्याची केमिस्ट आहे. ते देखभालीचे फोरमन होते. त्यांच्या घरची जमीन वसाहतीत गेली, त्या बदल्यात त्यांना नोकरी मिळाली, आणि लग्नानंतर त्यांनीच साहेबांच्या मागं लागून मला तिथल्या प्रयोगशाळेत लावलं. घरी मी त्यांना अहो म्हणायचे, कारखान्यात ते मला मॅडम म्हणायचे, आणि दोन्हीकडं आमचं बोलणं कमीच असायचं. मला वाचायची सवय. दोन नमुन्यांच्या मधे मी पुस्तक उघडून बसायचे. ते दारातून जाताना म्हणायचे, "मॅडम, पुस्तकात पाण्याचं काय लिहिलंय? गळणारे का आज?"

त्यांचा हात लवकर उठायचा. कामावर फिटरांवर, घरी धाकट्या भावांवर, आणि अकरा वर्षांत दोनदा माझ्यावर. हे आत्ताच सांगून टाकते. पुढं ते माझ्याविरुद्ध बोललं गेलं, आणि ते खरं होतं.

कंडेन्सर म्हणजे टर्बाइनच्या पोटाखाली बसवलेली खोलीएवढी लोखंडी पेटी. टर्बाइन फिरवून झालेली वाफ तिच्यात उतरते. पेटीत बोटाएवढ्या जाडीच्या हजारो नळ्या आडव्या बसवलेल्या असतात. नळ्यांच्या आतून कूलिंग टॉवरचं गार पाणी धावतं. बाहेरून वाफ त्यांना भिडते आणि तिचं पाणी होतं. हे वाफेचं पाणी अगदी शुद्ध असतं, ते परत बॉयलरला जातं. टॉवरचं पाणी जायकवाडीचं. उन्हाळ्यात धरण तळाला जाऊ लागलं की ते जड होतं, त्यात क्षार वाढतात, शेवाळ येतं, बारीक शिंपले येतात. ही दोन पाणी एकमेकांपासून वेगळी ठेवते ती नळीची भिंत, तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवावीत एवढी जाड.

त्या पाण्याचा जोर बाहेरच्या माणसाला कळत नाही. पंप चालू असताना मोठ्या पाइपला कपाळ टेकवलं तर दात हलतात. मी नोकरीला लागले त्या वर्षी पाइपांमधला एक रबरी सांधा फाटला होता. पाण्यानं शेजारच्या परांचीवरची फळी उचलली आणि ती सुपरवायझरच्या केबिनच्या विटांच्या भिंतीतून आरपार गेली. केबिनमध्ये त्या वेळी कोणी नव्हतं. सगळे आठवडाभर हसत होते. मीही हसले होते.

त्या एप्रिलमध्ये वाफेच्या पाण्याचा आकडा चढायला लागला. पाण्यातून वीज किती सहज जाते ते आम्ही दर दोन तासांनी मोजतो. क्षार मिसळले की आकडा चढतो. म्हणजे कुठंतरी नळी फुटली होती आणि जायकवाडीचं पाणी बॉयलरकडं निघालं होतं. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "भुसा टाकू." लाकडाचा बारीक भुसा पंपाच्या तोंडाशी पाण्यात सोडतात. पाण्याबरोबर तो नळ्यांतून जातो, आणि जिथं भोक असेल तिथं आतली ओढ त्याला खेचून घेते. भोक तात्पुरतं बुजतं. भुशानं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी आकडा पहिल्यापेक्षा वर गेला, आणि साहेबांनी अर्धा कंडेन्सर उघडायला परवानगी दिली.

कंडेन्सरला मधे भिंत घालून त्याचे दोन भाग केलेले असतात. एका भागाचं पाणी बंद करून तो उघडायचा, दुसऱ्यावर टर्बाइन कमी भारानं चालवत ठेवायची. ज्या भागात माणूस जातो त्याच्या पाण्याचा व्हॉल्व्ह जमिनीखालच्या खड्ड्यात, कंडेन्सरच्या अलीकडं. आत जायचं मॅनहोल पलीकडं. व्हॉल्व्हजवळ उभ्या माणसाला मॅनहोल दिसत नाही, आणि टर्बाइनच्या आवाजात कानात ओरडलेलंही ऐकू येत नाही.

नियम होता. परमिटचा कागद निघाला की व्हॉल्व्हच्या चाकाला साखळी आणि कुलूप. पण परमिट एका पाळीचं असायचं. दोन वाजता पहिली पाळी संपली की कागद परत, कागदाबरोबर कुलूप-साखळी परत, आणि नवा कागद निघेपर्यंत काम बंद. काम कोणी बंद करत नसे. नवा कागद निघायला कधी तास, कधी दोन तास. म्हणून आमच्या माणसांनी स्वतःची रीत पाडली होती. आत जाणारा आपलं हेल्मेट व्हॉल्व्हच्या चाकावर अडकवायचा. टोपी चाकावर, माणूस आत. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पण कुलपापेक्षा सगळ्यांचा विश्वास त्यावरच होता, कारण कुलूप ऑफिसचं होतं आणि टोपी ज्याची त्याची.

ही रीत मला माहीत होती. नवीन आलेल्या पोरींना प्रयोगशाळेत मीच ती सांगायचे.

त्या दिवशी सकाळी झाकण काढलं तेव्हा मी नमुना घ्यायला खालीच होते. कुजलेल्या शेवाळाचा वास आला. गुडघाभर गाळ, त्यात मेलेले शिंपले. समोर नळ्यांच्या तोंडांची भिंत, चाळणीसारखी. प्रत्येक नळीची कड भिंतीच्या जरा पुढं आलेली. आधी जोराच्या पाण्यानं नळ्या धुतल्या. त्या धारेची तोटी एकाच्या हातातून निसटली आणि धार शेजारच्या फिटरच्या बुटावरून गेली. बूट सुरीनं कापावा तसा उघडला. अंगठा राहिला. माझ्या पतींनी तोटी सोडणाऱ्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि काम पुढं चालू झालं.

मग उदबत्त्या. वाफेच्या बाजूला पोकळी असते, त्यामुळं फुटकी नळी हवा आत ओढते. एकेका तोंडासमोर पेटती उदबत्ती धरायची. धूर जिथं आत वळेल ती नळी फुटकी. उदबत्तीचा पुडा त्यांनी आमच्या देव्हाऱ्यातला आणला होता.

"साहेब, नारळ बी फोडायचा का?" बाहेरून एक फिटर म्हणाला.

"तुझ्या टकुऱ्यावर फोडतो. बॅटरी धर नीट."

अकरापर्यंत तीन नळ्या सापडल्या. तेवढ्यात ऑपरेटर कंट्रोल रूममधून खाली आला. तिशीचा माणूस, शिकून नोकरीला लागलेला. त्याचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं. आई अजून गावी मेंढरं राखायची. अर्ध्या कंडेन्सरवर मशीन चालवणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"साहेब, व्हॅक्यूम पडायलंय. वरून सारखे फोन यायलेत. अजून किती येळ?"

"काम झालं की."

"म्हंजी किती?"

"मला मेंढरावानी हाकू नको. ते तुझ्या घरी."

"मेंढरं बरी, साहेब. एका हाकेत भायेर येत्यात."

सगळे हसले. ते मॅनहोलमधून बाहेर आले, गाळानं भरलेले, आणि त्यांनी त्याच्या तोंडात मारली. ओल्या हाताचा आवाज मोठा आला. त्याचा ओठ फुटला. त्यानं बाहीनं रक्त पुसलं, बाहीकडं पाहिलं आणि म्हणाला, "ध्यानात ठिवतो, साहेब."

हे आठ जणांनी ऐकलं. नववी मी. मी बाटलीला बूच लावलं आणि वर गेले.

दोन वाजता परमिट परत गेलं. साखळी निघाली. दोन नळ्यांना दोन्हीकडून पितळी बुचं ठोकून झाली होती. तिसरीचं एक तोंड राहिलं होतं. जेवून आल्यावर त्यांना ते दहा मिनिटांचं काम दुसऱ्या कागदावर टाकायचं नव्हतं. त्यांनी हेल्मेट चाकावर अडकवलं आणि ते आत गेले. मॅनहोलपाशी उभा राहणारा फिटर योग्य मापाचं बूच आणायला स्टोअरमध्ये पळाला. हे सगळं मला नंतर कळलं.

मी अडीचच्या सुमारास नमुना घ्यायला खाली उतरले. माझं हेल्मेट प्रयोगशाळेत खुंटीला राहिलं होतं. जिन्यापाशी सेफ्टीचा माणूस उभा होता. मागच्याच आठवड्यात त्यानं बिनहेल्मेटचं फिरते म्हणून सगळ्यांसमोर मला सुनावलं होतं. मी त्याची पाठ होताच खाली आले आणि खड्ड्यापाशी चाकावर त्यांचं हेल्मेट दिसलं. पांढरं, कडेला लाल चिकटपट्टी. साखळी नव्हती. मला वाटलं, काम संपलं, कुलूप गेलं, आणि हे नेहमीप्रमाणं विसरले. ते खरंच विसरायचे. डबा, चष्मा, गाडीची किल्ली. मी कंडेन्सरच्या दिशेनं एकदा हाक मारली, "अहो." माझी हाक मलाच ऐकू आली नाही. कंडेन्सरला वळसा घालून पलीकडं जायला वीस पावलं लागली असती. मी हेल्मेट काढून डोक्यावर घातलं.

नमुना घेतला. सेफ्टीच्या माणसासमोरून ताठ मानेनं जिना चढले. प्रयोगशाळेत आकडा पाहिला, तो खाली आला होता. उघडलेल्या भागात पाणीच नव्हतं, म्हणून तो उतरला; म्हणजे गळती त्याच भागात होती आणि त्यांचा अंदाज बरोबर निघाला होता. त्यांना सांगितलं तर खूश होतील असं मनात आलं. मी तो आकडा वहीत लिहीत होते.

इकडं शिफ्ट इनचार्जच्या टेबलावर परत आलेलं परमिट होतं. त्यानं कागद पाहिला आणि त्या भागात पाणी सोडायला सांगितलं. ऑपरेटरचा रिलीव्हर आला नव्हता, म्हणून तो दुसऱ्या पाळीलाही थांबला होता. तो खड्ड्यात उतरला. त्यानं चाक पाहिलं. चाकावर काही नव्हतं. त्यानं चाक फिरवलं.

आवाज आधी जमिनीतून आला. माझ्या टेबलावरच्या काचेच्या नळकांड्या एकमेकींवर वाजल्या. मी हेल्मेटसकट खाली धावले. मॅनहोलमधून पाणी आडवं बाहेर येत होतं, माणसाच्या धडाएवढा जाड लोट. शिडी त्यानं भिंतीवर नेऊन वाकवली होती. दिवा, वायर, हातोडा, गाळ, शिंपले सगळं त्यातून उडत होतं. स्टोअरमधून आलेला फिटर हातात पितळी बूच धरून ओरडत होता, "साहेब आत हायत! साहेब आत हायत!"

ऑपरेटर चाक उलटं फिरवत होता. मी खड्ड्यात उडी मारली आणि त्याच्याबरोबर चाक धरलं. उघडायला जेवढे फेरे लागतात तेवढेच बंद करायला लागतात. माझ्या तळहातांची कातडी निघाली. तो माझ्याकडं पाहून काहीतरी म्हणत होता आणि मला ऐकू येत नव्हतं. वाकताना हेल्मेट माझ्या डोक्यावरून पडलं आणि चाकाखालच्या पाण्यात गेलं. मी ते उचललं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पाणी थांबायला आणि आतलं उतरायला बराच वेळ लागला. दोघं आत गेले. त्यातला एक बाहेर आला आणि खांबावर डोकं आपटायला लागला. त्याला तिघांनी धरलं. मग त्यांना बाहेर काढलं. पाण्यानं त्यांना नळ्यांच्या भिंतीवर नेऊन दाबून धरलं होतं. चेहऱ्याच्या डाव्या बाजूला, मानेवर, खांद्यावर नळ्यांच्या कडांच्या गोल खुणा होत्या, एकीला लागून एक, कातडी कापून आत गेलेल्या. डावा हात कोपरापासून मागं वळला होता. तोंडात गाळ होता. मी ओढणीनं तो काढायला लागले. डॉक्टर आले आणि म्हणाले, "मॅडम, राहू द्या." मी काढत राहिले.

पाच वाजता गावाकडून दोन टेम्पो भरून माणसं आली. माझे दोघे दीर पुढं होते. ऑपरेटरला गेटच्या केबिनमध्ये बसवून ठेवलं होतं. सकाळच्या चापटीची गोष्ट आमच्या लोकांना आधीच कळली होती. कुणी फोन केला होता ते मला ठाऊक नाही. मी गेटच्या आत प्लास्टिकच्या खुर्चीवर होते. माझ्यापासून केबिन दहा पावलांवर.

"कोनंय तो? भायेर काढा त्याला," मोठे दीर म्हणाले. वॉचमन बाजूला झाले.

त्याला केसांना धरून बाहेर ओढलं. तो हात जोडत होता. "भाऊ, टोपी नव्हती. देवाशपथ नव्हती. मी बगितलं. दोनदा बगितलं."

तेवढ्यात कारखान्यातला एक जण खड्ड्यातून हेल्मेट घेऊन आला. त्यातून पाणी गळत होतं. लाल पट्टी सगळ्यांना दिसली.

"मंग हे काय हाय?" धाकटे दीर म्हणाले. "चाकाखाली सापडलं. तूच फेकलंस ना रे?"

"नाय भाऊ. नव्हतं."

"एक चापट खाल्ली म्हून जीव घेतला व्हय? मेंढरं राखायची लायकी, अन् तुला चाकं फिरवायला ठिवलं!"

मोठ्यांच्या हातात पाइपचा तुकडा होता. पहिला फटका खांद्यावर बसला. मग किती बसले ते मी मोजलं नाही. तो खाली पडल्यावर लाथा. लोखंड हाडावर बसतं तेव्हा आवाज बारीक येतो, फांदी मोडल्यासारखा. तो दर वेळी तेच म्हणत होता, टोपी नव्हती. धाकट्या दिरांनी हेल्मेट दोन्ही हातांनी धरून त्याच्या तोंडावर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हेल्मेटचं पुढचं टोक मोडलं आणि मोडलेली कड त्याच्या उजव्या डोळ्यात गेली. मग तो काही म्हणाला नाही. नुसता ओरडला.

मी खुर्चीवर होते. माझं तोंड उघडं होतं, मला आठवतं, कारण ते कोरडं पडलं होतं. मी एक वाक्य बोलले असते तर तो डोळा वाचला असता. मी गप्प बसले. दुःखानं वाचा गेली असं लोक नंतर म्हणाले. तसं नव्हतं. माझी शुद्ध जागेवर होती. मला भीती वाटत होती की तो पाइप माझ्याकडं वळेल.

पुढचे दिवस मी सासरी होते. बायका माझ्याभोवती बसायच्या. दुसऱ्या दिवशी हवालदार आला. ऑपरेटरवर गुन्हा लागला होता. वैराचं कारण होतं, साक्षीला आठ जण होते, हेल्मेट पुरावा म्हणून जप्त झालं होतं. त्याला मारणाऱ्यांबद्दल कोणी काही सांगत नव्हतं. हवालदारानं मला विचारलं, "तुम्ही कुठं होता?"

"प्रयोगशाळेत," मी म्हणाले. त्यानं लिहून घेतलं.

दिवसभर मी मनात हिशोब जुळवायचे. परमिट परत गेलं होतं, मग ते आत का गेले? फिटर तिथून का हलला? इनचार्जनं फक्त कागद का पाहिला? ऑपरेटर वळसा घालून पलीकडं का गेला नाही? प्रत्येकाचा दोष खरा होता. प्रत्येकाचा दोष मांडून झाला की शेवटी माझं डोकं आणि त्यावरचं हेल्मेट उरायचं.

नवव्या दिवशी सकाळी ऑपरेटरची आई आली. काटक बाई, पायात टायरच्या चपला. ती अंगणात आली नाही, गोठ्याच्या कडेला उभी राहिली.

"म्या भांडाया नाय आले," ती म्हणाली. "त्याचा डोळा काढला डाक्टरनं. अजून शुद्धीत येतो अन् तेच म्हनतो, आई, टोपी नव्हती. माझं पोरगं तापट हाय, तोंडाचं फटकळ हाय, पर मेलेल्या मानसाची खोटी शपथ आमच्यात घेत नायत." मग तिनं मला शोधलं. "बाई, तुमी तिथं कामाला हाव. मला काय नको. एवढंच सांगा, टोपी व्हती का नव्हती?"

धाकटे दीर उठले. "निघ. निघ म्हनलं ना!" त्यांनी तिला ढकललं. ती दगडी गव्हाणीवर पडली, कपाळ फुटलं. ती उठली. रक्त भुवईवरून पापणीवर आलं, ते तिनं पुसलंही नाही. तिथूनच पुन्हा म्हणाली, "बाई, व्हती का नव्हती?"

"नव्हती," मी म्हणाले. "मी काढली होती."

कुणाला ऐकू गेलं नाही असं मला वाटलं, म्हणून मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. सगळं सांगितलं. जिन्यावरचा माणूस, माझी खुंटी, माझं डोकं, खड्डा.

"वहिनी, डोक्यावर परिणाम झालाय तुमच्या. आत चला," मोठे दीर म्हणाले.

"भाऊजी, मी शुद्धीत आहे."

आत्याबाई, माझ्या सासूबाई, नऊ दिवस माझा हात धरून बसल्या होत्या. त्यांनी हात सोडला. "माझ्या लेकाचा हात तुझ्यावर उठला म्हून व्हय गं?" त्या हळू म्हणाल्या. "म्हून काढलीस?"

मी नाही म्हणाले. पण मधे एक क्षण गेला. तेवढ्या क्षणात मी स्वतःलाच तपासलं, आणि तो क्षण सगळ्यांनी पाहिला. आत्याबाईंनी माझे केस धरले. धाकट्या दिरांनी कानाखाली मारली, मग पोटात लाथ. मी जमिनीवर होते आणि वर ओळखीचे पाय होते. एका पायातल्या चपला मी दिवाळीला घेऊन दिल्या होत्या. कुणीतरी विळा आणायला ओरडलं, कुणीतरी त्याला अडवलं. मला ओढून बाहेर काढलं ते त्या बाईनं, काखेत हात घालून, अडलेलं कोकरू ओढावं तसं. तिच्या कपाळाचं रक्त माझ्या साडीला लागलं होतं आणि माझ्या नाकाचं तिच्या पदराला. हायवेपर्यंत आम्ही चालत गेलो. रिक्षा आली तेव्हा तिनं रिक्षावाल्याला फक्त सांगितलं, "पोलीस ठाण्यात."

ठाण्यातले साहेब भले होते. माझं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, हे लिहून दिलंत तर सगळं तुमच्यावर येईल. हवालदाराला तुम्ही आधी वेगळं सांगितलंय. तुमच्या घरात नुकतंच असं झालंय. चार दिवस माहेरी जा, विचार करा."

"मीच लिहू का?" मी विचारलं. त्यांनी कागद सरकवला. मी चार पानं लिहिली. त्याच्या डोळ्याचंही लिहिलं, पाइप कोणाच्या हातात होता, हेल्मेट कोणाच्या. सुजलेल्या ओठानं लाळ कागदावर पडत होती. ती पुसून मी लिहिलं.

कारखान्याच्या चौकशीत सगळ्यांचे थोडे थोडे दोष निघाले. मला सहा महिने घरी बसवलं आणि मग परत घेतलं. आता परमिटच्या वेळी आत जाणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप लागतं आणि किल्ली त्याच्याच खिशात असते. टोपीची रीत बंद आहे. ऑपरेटरला कंट्रोल रूममधून काढून स्टोअरमध्ये दिलं, कारण एका डोळ्यानं तिथले आकडे लांबून वाचता येत नाहीत, असं ऑफिसनं ठरवलं.

मी रुजू झाल्यावर पहिल्यांदा स्टोअरमध्ये गेले तेव्हा काउंटरवर तोच होता. मला फिल्टर पेपर हवे होते. त्यानं डबा काढून समोर ठेवला, पण हात डब्यावरच ठेवला.

"मॅडम, एक इचारू?"

"विचारा."

"टोपी काढताना साहेबांना हाक मारली व्हती का तुमी?"

"एकदा."

त्यानं डब्याचं झाकण दाबून बसवलं. "मी बी एकदाच मारली व्हती," तो म्हणाला. "चाक फिरवायच्या आदी. कुनाला सांगितलं नाय. आईला बी नाय." मग त्यानं हात काढला. "दुसऱ्यांदा मारायला पायजे व्हती."

"हो," मी म्हणाले. मी त्याची माफी मागायला आले होते, निदान तसं ठरवून आले होते. त्या काउंटरवर ते शब्द मला काढता आले नाहीत. मी डबा घेतला. मागं कुणीतरी बोल्ट मागत होतं.

त्याच्यावरचा गुन्हा काढून घेतला. आता दोन खटले चालू आहेत. एकात मी आरोपी आहे आणि तो साक्षीदार आहे. दुसऱ्यात माझे दोघे दीर आरोपी आहेत, आणि साक्षीदार मी आहे. सासरचं कोणी माझ्याशी बोलत नाही. मी चिकलठाण्याला एका खोलीत राहते आणि सकाळच्या बसनं कामावर जाते. तारीख असली की तो आणि मी एकाच बसनं कोर्टात जातो.